वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : पन्ना घालू का नको?

कापूस विकला गेला, सोयाबीनचे पैसे खात्यात पडले की आपल्याकडं दोन गोष्टींचा सीझन सुरू होतो, एक लग्नं जुळवायचा न् दुसरा अंगठ्या घालायचा. यावेळी टपालात आणि व्हॉट्सअपवर गंज प्रश्न आले ते पन्न्याचेच, म्हणजे पाचूचे, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. पत्रं लांबलचक होती, थोडी छाटली, नावं गाळली. आणि आधीच सांगून ठेवते, मी पत्रिका मांडते, पाहते, पण दगड विकत नाही आणि कोणत्या दुकानात पाठवतही नाही, तेव्हा "ताई तुमच्या ओळखीचा एखादा सांगा ना" हे कोणी विचारू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. पोरगा तीन वर्षांपासून भरतीची तयारी करून राहिला. तलाठी झालं, पोलीस झालं, दरवेळी दोन-चार मार्कानं हुकते. त्याचा जन्म गुढीपाडव्याच्या दिवशीचा. तालुक्याच्या एका महाराजांनं पत्रिका पाह्यली न् म्हणे बुध मीनेचा हाय, नीचीचा, वरून अस्तंगत, सव्वापाच रत्तीचा पन्ना घातल्याशिवाय पोराचं काही खरं नाही. दुकान पण त्यायनंच सांगतलं, तिथं बेचाळीस हजार म्हणते. कापसाचे पैसे आले हायेत पण त्यातून सोसायटीचं कर्ज भरायचं हाय. मंडळी म्हणते घेऊन टाका, पोराचं भलं होईन. काय करू? – एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

दादा, आधी सोसायटी भरा. बाकीचं आता निवांत सांगते.

बुध म्हणजे बुद्धी, वाणी, हिशोब, लिहिणं-वाचणं, व्यापार, असं आपल्या ज्योतिषात धरतात, म्हणून परीक्षेत अडलेलं पोरगं दिसलं की पहिलं बोट बुधाकडंच जातं. मिथुन आणि कन्या या त्याच्या राशी, कन्येत तो उच्चीचा म्हणजे सगळ्यात बळकट, मीनेत नीचीचा म्हणजे सगळ्यात दुबळा, आणि त्याचं रत्न पाचू, इथपर्यंत सगळे ज्योतिषी एकमतानं बोलतात. भांडणं पुढं आहेत.

तुम्हाला ज्या दोन गोष्टींची भीती घातली, नीच आणि अस्त, त्या आधी पाहू. बुध सूर्याला चिकटून फिरणारा ग्रह, पृथ्वीवरून पाहिलं तर तो सूर्यापासून २८ अंशांच्या पलीकडं कधी जातच नाही. रास ३० अंशांची. म्हणजे बुध एकतर सूर्याच्याच राशीत सापडणार नाहीतर मागच्या किंवा पुढच्या राशीत, चौथी जागाच नाही त्याला. आता गुढीपाडव्याला सूर्य मीनेत असतो, दरवर्षी असतो, आपला चैत्र महिना त्याच हिशोबानं मोजतात. मग पाडव्याला जन्मलेल्या पोराचा बुध कुंभेत, मीनेत किंवा मेषेत, या तीनच ठिकाणी असू शकतो, त्यातलं एक तुमच्या पोराच्या वाट्याला आलं, बस. आणि अस्ताचं म्हणाल तर बुध सूर्याच्या १४ अंशांच्या आत आला की अस्त, म्हणजे सूर्याच्या तेजात लपलेला धरतात, वक्री म्हणजे उलटा चालताना दिसत असला तर १२, आणि हे वर्षातून साधारण सहा वेळा होत असतं. त्या आठवड्यात महाराष्ट्रात जेवढी पोरं जन्मली त्या सगळ्यांचा बुध नीचीचा आणि अस्तंगत आहे, त्यातला एखादा आज कुठंतरी फौजदार होऊन खुर्चीत बसलाही असेल!

गंमत पाहा, सूर्य आणि बुध एका राशीत आले की त्याला बुधादित्य योग म्हणतात, माणूस हुशार निघतो असं त्याचं फळ सांगतात. एकाच युतीला एक जण योग म्हणून दक्षिणा घेतो, दुसरा अस्त म्हणून दगड विकतो. शिवाय नीचभंग नावाची गोष्ट आहे, मीनेचा मालक गुरू लग्नराशीपासून, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून, किंवा चंद्रापासून केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या घरात असला तर नीचपणा मोडला असं मानतात, ते महाराजांनी पाहिलं का हे तुमच्या पत्रात कुठं दिसत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्ही पोराचं लग्न कोणतं ते लिहिलंच नाही. म्हणजे लगीन नाही म्हणत मी, लग्नरास. रत्न ग्रहाला बळ देतं अशी समजूत आहे, मग तो ग्रह तुमच्या पत्रिकेत भल्या घराचा मालक आहे का वाईट घराचा (लग्नरास धरून एकेका राशीचं एकेक घर, अशी बारा घरं मोजतात) हे पाहिल्याशिवाय बळ कोणाला देऊन राहिलो हे कळणार कसं? मिथुन-कन्या लग्नाला बुध खुद्द लग्नाचा मालक, तिथं पाचू चालतो म्हणतात. वृषभेला तो दुसऱ्या-पाचव्याचा, तुळेला नवव्या-बाराव्याचा, मकरेला सहाव्या-नवव्याचा, कुंभेला पाचव्या-आठव्याचा, इथं बहुतेक जण हो म्हणतात, कोणी दशा, म्हणजे सध्या कोणत्या ग्रहाचा काळ चालू आहे ते, पाहून म्हणतात. पण मेषेला बुध तिसऱ्या-सहाव्याचा, कर्केला तिसऱ्या-बाराव्याचा, वृश्चिकेला आठव्या-अकराव्याचा, इथं जुने जाणकार सरळ नाही म्हणून सांगतात. सिंह, धनू, मीन इथं दोन जोशी बसवले तर तीन मतं निघतील. त्यातही नीचीच्या ग्रहाचं रत्नच घालू नये, त्याचं दान करावं, असं मानणारे कमी नाहीत, आणि कमजोर आहे म्हणूनच घालावं असं म्हणणारेही आहेत. शास्त्रातच एवढे फाटे असताना "याच्याशिवाय पोराचं काही खरं नाही" हे वाक्य शास्त्राचं नाही, गल्ल्याचं आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, मरकताचं वर्णन आहे, पोपटासारखा, बांबूच्या पानासारखा, केळीसारखा, शिरीषाच्या फुलासारखा रंग असलेला पाचू देवकार्याला आणि पितृकार्याला फार शुभ. करंगळी, बुधवार, सव्वापाच रत्ती यातलं काही तिथं नाही. हे सगळं मागाहून जमत गेलेलं आहे. मागाहून आलं म्हणून खोटं असं मी म्हणत नाही, पण बेचाळीस हजाराचा हुकूम सोडण्याएवढं जुनं पण नाही.

आता परंपरेचंच ऐकायचं असेल तर पूर्ण ऐका ना. नवग्रहाच्या होमात बुधाची समिधा आघाड्याची. तुमच्या धुऱ्यावर पावसाळ्यात जो आघाडा माजतो, ज्याची बोंडं धोतराला चिकटतात, तोच. बुधाचं धान्य हिरवा मूग. बुधवारी गरजवंताला मूठ-पसा मूग द्यावा, पोरानं रोज १०८ वेळा "ॐ बुं बुधाय नमः" म्हणावं, हे उपाय सगळ्या पद्धतींत मान्य, कोणत्याही लग्नाला चालतात, उलटतात असं कोणी म्हणत नाही. याच्यावर कमिशन नाही म्हणून ते शेवटी सांगतात, कधीकधी सांगतच नाहीत.

दोन-चार मार्कानं हुकते म्हणजे पोरगं फार मागं नाही. पोलीस शिपायाला मैदानी ५० आणि लेखी १०० मार्कांची असते, त्याला विचारा मार्क कुठं गेले, गोळाफेकीत गेले का अंकगणितात गेले का मराठी व्याकरणात. कुठंही गेले असले तरी बेचाळीस हजारांत टेस्ट सिरीज, अभ्यासिकेची वर्षभराची फी आणि चांगले बूट एवढं होऊन पैसे उरतील. तरी मंडळींची समजूत पटत नसेल तर साधा हिरवा ऑनेक्स चांदीत बसवून द्या, परंपरेत त्याला बुधाचं उपरत्न म्हणून मान आहे, चार आकडी रकमेच्या आतच भागतं. महाराजांना मात्र पुढच्या वेळी लग्न कोणतं हे नक्की विचारजा, उत्तर देताना चेहरा पाहजा.

प्रश्न : सव्वापाच रत्ती म्हणजे नेमकं किती? दोन दुकानात दोन वजनं सांगितली. – एक वाचक, अचलपूर

दोघंही खरं बोलत असतील, हीच तर पंचाईत. रत्ती म्हणजे गुंज, झुडपात वेलावर लाल-काळी बी लागते ती (पोरांना खेळायला देऊ नका, विषारी असते). जुन्या सोनारी मापात ९६ गुंजांचा एक तोळा, तो तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक रत्ती साधारण १२१ मिलीग्रॅम. आज सराफ्यात तोळा १० ग्रॅमचा बोलतात ते वेगळं. पण रत्नांच्या बाजारात जी रत्ती चालते ती १८२ मिलीग्रॅमच्या आसपास, कॅरटमध्ये ०.९१. आता हिशोब करा, सोनारी रत्तीनं सव्वापाच म्हणजे ०.६४ ग्रॅम, बाजारी रत्तीनं ०.९६ ग्रॅम, दीडपट फरक! भाव रत्तीवर सांगतात, मग वजन कोणत्या रत्तीनं केलं हे विचारायला नको? सरळ म्हणा, कॅरटमध्ये सांगा. एक कॅरट म्हणजे २०० मिलीग्रॅम, त्यात कोणाची चलाखी चालत नाही. आणि सव्वाचं म्हणाल तर आपल्याकडं सव्वा शकुनाचा, देवापुढं सव्वा रुपया ठेवतो तसा, बाकी पावणेपाच रत्तीनं बुध रुसतो असं कुठं लिहिलेलं नाही.

प्रश्न : जत्रेतून अकराशे रुपयात पन्ना घेतला, माणूस म्हणे ओरिजनल. पाण्याच्या ग्लासात टाकला तर पाणी हिरवं दिसतं, दुधात टाकला तर दूध हिरवं दिसतं, डोळ्याला लावला तर थंड वाटतं, मग असली समजायचा ना? – एक वाचक भगिनी, ता. मूर्तिजापूर

बाई, हिरव्या बाटलीची काच टाकून पाहा, पाणी तिच्यानंही हिरवं दिसेल. थंड तर कोणतीही काच किंवा दगड लागतो. या परीक्षा पिढ्यान्पिढ्या सांगत आलेत, पण त्यांनी फक्त दगड हिरवा आहे एवढंच कळतं, ते तर तुम्हाला आधीच दिसत होतं.

खरा पाचू म्हणजे बेरील नावाचं खनिज, त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम मिसळलं की हिरवा रंग येतो. कोलंबिया, झांबिया, ब्राझील इथून मुख्यतः येतो, राजस्थानातही अजमेरच्या भागात खाणी निघाल्या होत्या, आणि पैलू पाडायचं काम जयपुरात फार मोठं चालतं. निसर्गातला पाचू बहुतेक वेळा आतून साफ नसतो, त्यात बारीक रेघा, जाळं, शेवाळासारखं काहीतरी असतंच. म्हणून मोठा, एकदम काचेसारखा स्वच्छ, गर्द हिरवा आणि अकराशे रुपयात, या चार गोष्टी एका दगडात जमत नाहीत. तुमच्या फोटोवरून मी काही सांगणार नाही, फोटोवरून कोणीच सांगू शकत नाही. ते काम रत्न तपासणाऱ्या लॅबचं, आणि अकराशेच्या दगडासाठी लॅबची फी भरायची का हे तुम्ही ठरवा. मी तर आवडला असेल तर हौस म्हणून घालीन आणि विषय संपवीन.

महाग घेणाऱ्यांसाठी मात्र दोन-तीन गोष्टी. पाचूच्या भेगा झाकायला त्यात तेल मुरवतात, ही जगभर चालणारी पद्धत आहे, फसवणूक नाही, पण विकणाऱ्यानं सांगितलं पाहिजे, कारण तेल कमी का जास्त यावर किंमत ठरते. लॅबमध्ये वाढवलेला पाचू पण येतो, तो काच नसतो, रसायन तेच, पण किंमत बरीच कमी, आणि ग्रहासाठी तो चालतो का नाही यावर ज्योतिष्यांत वाद आहेत, बहुतेक नाही म्हणतात. आणि एक, अंगठीवर हॉलमार्क आहे म्हणजे दगड खरा असं समजू नका. त्यातला सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, सोन्याच्या शुद्धतेसाठी असतो, दगडाशी त्याचा काही संबंध नाही. बिलात सोन्याचं वजन वेगळं, दगडाचं वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर दगड सोन्याच्या भावानं विकला जातो, आणि मोडायला गेलात की तोच सराफ दगड काढून बाजूला ठेवतो.

प्रश्न : आमच्या घरी पाचू घालायचं ठरलंच आहे. विधी सांगा. – एक वाचक, समुद्रपूर

ठरलंच असेल तर सांगते, फार लांबड लावायची गरज नाही. शुक्ल पक्षातला बुधवार, सूर्योदयानंतरचा पहिला तास, कारण बुधवारी पहिली होरा, म्हणजे ग्रहाच्या नावचा तास, बुधाचीच असते. त्या दिवशी आश्लेषा, ज्येष्ठा किंवा रेवती नक्षत्र जुळलं तर आणखी चांगलं मानतात, ही तिन्ही बुधाची नक्षत्रं. अंगठी सोन्यात, काही जण चांदीतही करतात, दगड खालून उघडा असा बसवतात म्हणजे बोटाला टेकतो. कच्चं दूध आणि पाण्यानं धुवायची, हिरव्या कपड्यावर ठेवायची, जप करून उजव्या हाताच्या करंगळीत घालायची, मूग दान करायचे. होम, ब्राह्मणभोजन, अकरा हजाराची पूजा हे कोणी जोडून देत असेल तर नको म्हणायला लाजू नका. तेल मुरवलेला दगड दुधात रात्रभर मात्र ठेवू नका, गरम पाण्यात तर नाहीच. आणि फवारणीला जाताना अंगठी काढून ठेवत जा, औषध अंगठीखाली साचून राहतं, कातडीला लागत राहतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उजाडली ते आपण विसरलो नाही.

प्रश्न : माझ्या बोटात आधीपासून मोती आहे, सासूबाई म्हणतात पन्ना घातला तर मोती काढावा लागेल, दोघांचं पटत नाही. खरं का? – एक सून, ता. काटोल

सासूबाई परंपरेला धरून बोलल्या. मोती चंद्राचा, आणि बुध चंद्राला शत्रू मानतो. चंद्र मात्र बुधाला मित्र मानतो, हे एकतर्फी आहे! पुराणातली गोष्ट अशी की गुरूची बायको तारा, तिला चंद्रानं पळवलं, त्यांचा मुलगा बुध. मग बापावर राग धरला तर पोराचं चुकलं कुठं. म्हणून पाचूसोबत मोती आणि बहुतेक जण पोवळंही टाळतात, हिरा चालतो म्हणतात कारण शुक्र बुधाचा मित्र. पण मग नवरत्नाची अंगठी पाहिलीच असेल, नऊच्या नऊ एका कोंदणात नांदतात, ती पण परंपरेचीच, तिथं कोणी भांडण काढत नाही. मोती मनाला बरा वाटत असेल तर राहू द्या, घरात शांतता राहणं महत्त्वाचं, आणि पन्ना घ्यायचाच कशाला हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही म्हणून मी पण नाही विचारत.

प्रश्न : आजी म्हणते पाचू अंगावर असला की सापाचं विष चढत नाही. आमचं घर वावरात हाय, पावसाळ्यात साप निघतात. बाबांसाठी घ्यावा का? – एक बारावीची विद्यार्थिनी, ता. मूल, जि. चंद्रपूर

आजी कुठून बोलते ते सांगते. गरुडपुराणात कथा आहे, बल नावाच्या असुराचं शरीर पडलं तेव्हा त्याचं पित्त वासुकी नाग घेऊन चालला होता, गरुड त्याच्यावर झेपावला, आणि ते पित्त जमिनीवर पडलं तिथं पाचूची खाण झाली. गरुडाशी नातं म्हणून पाचूला गारुत्मत असंही नाव, आणि गरुड सापाचा वैरी म्हणून पाचू विषहारक, असा हा सगळा धागा. कथा सुंदर आहे, आजीकडून पूर्ण ऐकून घे.

पण बाबांसाठी पन्ना नको, चांगली बॅटरी आणि गमबूट घे. पोरी, हे नीट लिहून भिंतीवर लाव : साप चावला की माणसाला पळवायचं नाही, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, अंगठी-कडं असेल तर आधी काढायचं कारण सूज चढते (पन्ना असला तरी), आणि १०८ ला फोन करून नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींच्या विषावर दवाखान्यातली एकच लस चालते. मण्यार रात्री झोपेत चावते, खूणही नीट दिसत नाही, दुखतही नाही, म्हणून पहाटे कोणाचं पोट दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या तर वाट पाहायची नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे, गावात कोणी अडवलं तर हे ठणकावून सांग.

प्रश्न : माझा भाचा पाच वर्षांचा, बोलताना अडखळतो. बुध वाणीचा कारक आणि मामाचाही कारक, म्हणून मामानं पन्ना द्यावा असं सांगितलं. – एक मामा, ता. मेहकर

मामानं द्यावं, पण वेळ द्यावा. अंगणवाडीच्या ताईंना सांगा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात असल्या मुलांची तपासणी होते आणि पुढं जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्रात पाठवतात. या वयात बऱ्याच पोरांचं अडखळणं आपोआप जातं, काहींना थेरपी लागते, ते तज्ज्ञ सांगतील. घरात त्याचं वाक्य कोणी मध्येच पूर्ण करायचं नाही आणि नक्कल करायची नाही, तुम्ही पण नाही. अंगठी पाच वर्षांच्या पोराला देऊच नका, गिळेल.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेला पन्ना परवा मधोमध तडकला. दुकानदार म्हणतो तुमच्यावरचं मोठं संकट त्यानं स्वतःवर घेतलं, आता लगेच नवीन घाला, मोकळं बोट ठेवू नका. तीस हजाराचा होता. – एक किराणा दुकानदार, ता. आर्वी

भाऊ, तुम्ही स्वतः दुकानदार आहात, तुमच्याकडची बरणी फुटली तर गिऱ्हाइकाला असं सांगून पाहता का? पाचू तसा कठीण दगड, पण आतल्या भेगांमुळं ठिसूळ. पोती उचलताना, शटर ओढताना, वजनं ठेवताना करंगळी किती वेळा आपटते मोजून पाहा. संकट घेतलं ही समजूत जुनी आहे, मी तिची टिंगल करत नाही, पण ती पटवून घ्यायची तर संकट टळलं ना, मग दुसरा दगड कशाला?

तुकडे फेकू नका. दोन्ही तुकडे लॅबमध्ये तपासून घ्या, काच निघाली किंवा बिलात लिहिलंय त्यापेक्षा वेगळं काही निघालं तर दुकानदाराला लेखी पत्र द्या. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार नोंदवा, पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. पण तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, तुमची संपत आली आहे किंवा संपली आहे, तेव्हा बिलावरची तारीख आजच पाहा. पक्कं बिल नसेल, नुसत्या चिठ्ठीवर घेतला असेल तर पैसे फोनवरून दिले होते का ते आठवा, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ती नोंद सापडेल, तिची प्रिंट काढून ठेवा.